हनुवटीवर जुना व्रण

ती सापडली. जिवंत, धडधाकट आणि चांगलीच भडकलेली.

झालं, सांगून मोकळे झालो. आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरून चालू. कुणी सापडलेलं नाही. ती बेपत्ता आहे, बरीच वर्षं बेपत्ता आहे, पोलीस ठाण्याच्या भिंतीवर तिचा फोटो आहे आणि फोटोवर डिंकाचे ओघळ आहेत. कुणी विचारलंच, तर आपल्याला एवढंच माहीत.

तर एका डमीच्या कारखान्यात एक रंगारी होता. डमी म्हणजे कपड्यांच्या दुकानात काचेआड उभे असतात ते पुतळे, आपल्यापेक्षा बरे कपडे घालणारे. हा त्यांचे चेहरे करायचा. आधी मातीत, मग रंगात. एका भुवईला तो इतका वेळ लावायचा की तेवढ्यात दुसऱ्या कारखान्यात आईबाप आणि दोन मुलं असं अख्खं कुटुंब तयार होऊन दुकानात उभं राहायचं. म्हणून सगळे त्याला भुवई म्हणत. एकदा त्याच्या घरून कुणीतरी फोन करून त्याला खऱ्या नावानं मागितलं, तर मालकांनी ‘असं कुणी इथं नाही’ म्हणून फोन ठेवून दिला होता.

माणसाला काहीतरी नाद असतो. कुणी तिकिटं जमवतं, कुणी कबुतरं पाळतं. भुवईला बेपत्ता बायकांचा नाद होता. हे वाक्य कानाला बरं लागत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. मुली बघायला गेला असताना तो दोनदा ते मोकळेपणानं बोलला होता आणि दोन्ही वेळा मुलीकडच्यांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं होतं.

नाद लागला तो भावजींमुळे. भावजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, पोलीस ठाण्यात बेपत्ता विभागात. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि डिंकाचा डबा. कुणी हरवलं की भावजी पोस्टर चिकटवत. भिंत भरली की जुन्यावर नवीन चिकटवत. त्यामुळे जुन्या बायका एकदा घरून आणि एकदा भिंतीवरून अशा दोनदा बेपत्ता व्हायच्या. भुवई सुट्टीच्या दिवशी तिथं गप्पा मारायला जायचा आणि गप्पा सोडून भिंत बघत बसायचा.

आधी त्याचा धंदेवाईक संताप झाला. फोटोची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स. चेहऱ्याच्या जागी काळा डाग आणि त्यात दोन उजेडाचे ठिपके. खाली वर्णन: रंग निमगोरा, बांधा मध्यम, चेहरा उभट. सगळ्यांचं तेच. “या वर्णनावर धरपकड केली ना भावजी,” तो म्हणाला, “तर आमच्या कारखान्यातला अख्खा माल आत जाईल.”

“मालाला आधी कुणीतरी हरवला म्हणून नोंदवायला लागेल,” भावजी म्हणाले आणि नवीन पोस्टर चिकटवलं.

पण संताप ओसरल्यावर जे उरलं ते वेगळंच होतं. भिंतीसमोर उभं राहिलं की तो आ वासून राहायचा. कुणी दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून खाली उतरली, कुणी मैत्रिणीकडे निघाली, कुणी नुसतीच गॅलरीत होती. आणि मग नाही. एवढं मोठं माणूस! हाडं, केस, चपला, हसायची पद्धत, आवडीनिवडी. हे सगळं जातं कुठं? त्याला स्वतःला साधी छत्री हरवता येत नसे, कुणीतरी धावत येऊन परत देतंच. आणि या मुली जगाच्या डोळ्यांदेखत जगातच नाहीशा झाल्या होत्या. आकाशातल्या ग्रहगोलांचं लोकांना जे वाटतं ते भुवईला त्या भिंतीचं वाटायचं.

मग तो संशोधनाला लागला. शहराचा नकाशा आणून त्यावर टाचण्या टोचल्या, टाचण्यांना लाल दोरा गुंडाळला, तर एक सुंदर वळणदार रेघ तयार झाली. तो धावतच ती रेघ केसांच्या मावशीला दाखवायला घेऊन गेला. मावशी कारखान्यात डमींचे केसांचे टोप विणायची, आणि बाकी वेळात तीच सुई भुवईला टोचायची.

“मावशी, हे बघा. या सगळ्या एकाच रेषेवर नाहीशा झाल्यात. काहीतरी शक्ती आहे.”

मावशीनं चष्मा कपाळावर चढवला. “ही बसची लाइन आहे.”

“काय?”

“बसची लाइन. बाई घर सोडून निघाली तर बसनंच जाईल ना? का घोडा मागवेल?”

भुवईनं नकाशा गुंडाळला. पण नाद काही सुटला नाही, उलट हातात उतरला. त्याच्या डोक्यात आलं की पोस्टर लावतात पोलीस ठाण्यात, जिथं कुणी आपणहून पाऊल टाकत नाही. आणि अख्खं गाव ज्याच्यासमोर थांबतं ती जागा म्हणजे दुकानाची काच. मग बेपत्ता चेहरा काचेत उभा केला तर? कुणीतरी जाता जाता थबकेल, ‘अरे, ही तर आमच्या शेजारची’ म्हणेल, आणि ती सापडेल. इतकं सोपं होतं की आजवर कुणाला सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं. कुणाला का सुचलं नाही, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. नाद असलेली माणसं तो विचारत नाहीत.

त्यानं जी निवडली तिचा फोटो सगळ्यात वाईट होता. कुठल्यातरी घरगुती फोटोतून कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्या कुणाचं तरी कोपर तसंच राहिलेलं, आणि तिची मान खाली. डोळे दिसतच नव्हते. खाली छापलेलं: ओळखीची खूण, हनुवटीवर जुना व्रण. संपर्कासाठी थोरल्या भावाचा नंबर.

भुवईनं ते डोकं मातीत घडवायला घेतलं आणि महिनाभर त्याला दुसरं काही दिसेना. गेलेली वर्षं त्यानं गालांत घातली, कपाळात घातली. डोळे मनानंच केले. मान वर उचलली, कारण डमीच्या धंद्यात मान खाली चालत नाही. धंद्याचा नियमच आहे: डमीनं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं नाही, गिऱ्हाईक ओशाळतं आणि पुढं सटकतं. डमीनं बघायचं गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून पलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला कुणीतरी जास्त महत्त्वाचं उभं असल्यासारखं. तशी नजर त्यानं तिला दिली. आणि व्रण? रंगानं काढला तर दुकानातली पोरं फडक्यानं पुसून टाकतील, म्हणून त्यानं तो मातीतच कोरला. आता, मातीत कोरलं की ते साच्यात जातं, आणि साचा तुम्ही दिलेलं काही म्हणजे काही विसरत नाही.

मालकांनी डोकं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. “हिच्याकडे बघून असं वाटतं,” ते म्हणाले, “की हिला आपल्या कपड्यांची गरज नाही. आणि म्हणून आपल्याला ते हवेसे वाटतात. साचा काढ.”

साचा निघाला. डोकी निघाली. दुकानदारांच्या मागण्या आल्या. थोड्याच दिवसांत ती सगळीकडे होती: कोपऱ्यावरच्या बुटांच्या दुकानात, स्टेशनसमोर, मोठ्या दुकानाच्या तिन्ही मजल्यांवर. भिंतीवरची बेपत्ता बाई गावात सगळ्यात जास्त दिसणारी बाई झाली, आणि कुणीही तिला ओळखलं नाही. लोक तिच्या कोटाचा भाव विचारत.

भुवईला राहवेना. त्यानं भावजींना सांगितलं.

“म्हणजे ती सापडली?” भावजींनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

“सापडली नाही. केली.”

“मग मी लिहू काय?” भावजींनी विचार केला आणि नियमात जे बसत होतं ते केलं: पोस्टरवरच्या नंबरावर तिच्या भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, गुरुवारी दुपारी चारला आईला घेऊन कारखान्यात येतो, ओळख पटवायला. भुवई त्या दिवशी घरी शीळ घालत गेला.

गुरुवारी सकाळी कारखान्याचं दार उघडलं आणि एक बाई आत आली. अंगात निळा डगला, खांद्यावर दोराचं वेटोळं, एका हातात बादली, दुसऱ्या हातात काचा पुसायचा लांब दांड्याचा रबरी वायपर. उंच इमारतींच्या काचांवर दोराला लटकून काम करणाऱ्या असतात तशी. तिनं सगळीकडे नजर फिरवली. छताला टांगलेली धडं, खोक्यांत भरलेले हात, खुंट्यांवर वाळत घातलेले पाय.

“तोंडं कोण करतं इथं?”

मावशीनं मान वर न करता कंगव्यानं भुवईकडे दाखवलं.

“मी करतो. का हो?”

“माझं तोंड परत द्या.”

भुवईनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. महिनाभर त्यानं हा चेहरा अंगठ्यानं दाबून दाबून घडवला होता. कानाची पाळी, गालाचं हाड, वरच्या ओठाची कड त्याला पाठ होती. ती सगळी समोर होती आणि त्यांच्यावर ऊन होतं, वारा होता, एक दात जरा पुढं होता, डाव्या गालावर साबणाचा वाळलेला फेस होता. त्यानं केलेलं सगळं बरोबर होतं आणि तरी समोरच्या बाईपुढं ते काहीच नव्हतं.

“तुम्ही,” तो म्हणाला, “तुम्ही बेपत्ता आहात.”

“मी कुठली बेपत्ता? मी मला रोज सापडते.” तिनं बादली आपटली. “सकाळी मोठ्या दुकानाची काच पुसायला घेतली. फेस लावला, वरून खाली वायपर ओढला, आणि आत मी. पिवळा रेनकोट घालून. मला वाटलं काचेत मीच दिसतेय. मी हात हलवला. तिनं नाही हलवला.”

“मग?” मावशी म्हणाली. मावशीनं आता विणकाम बाजूला ठेवलं होतं.

“मग मी दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथं मी स्वयंपाकाचा एप्रन घालून. तिसऱ्यावर पोहायच्या कपड्यांत! दुकानवाल्यांकडून पत्ता घेतला आणि तडक इथं आले. अहो, मी अशी कधी घरच्यांसमोर उभी राहिले नाही आणि तुम्ही मला चौकात उभं केलंत!”

“तुम्ही हरवला होता, म्हणून...”

“हरवतात छत्र्या. मी निघून आले होते.” तिनं हनुवटीवर बोट ठेवलं. “आणि हा वण तुम्हाला कुणी सांगितला?”

“पोस्टरवर आहे. ओळखीची खूण. तुमच्या भावानं लिहून दिली.”

“हो, त्यालाच माहीत असणार,” ती म्हणाली. “उंबऱ्यावर कशी आपटली, किती जोरात आपटली, टाके किती पडले. त्यानंच आपटली होती ना.”

हे ती इतक्या सहज म्हणाली की ते कळायला भुवईला जरा वेळ लागला. मग तिला मागच्या फळीवर तिची डोकी दिसली. रंग वाळायला दांड्यांवर खोचून ठेवलेली, बिनकेसांची, ओळीनं. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे. खिडकीतलं सकाळचं ऊन एकेकीच्या कपाळावरून पुढं सरकत होतं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. भांडायला आलेल्या बाईचा आवाज हळूच खाली आला.

“मी अशी बघते?”

“ते मी मनानं केलं,” भुवई म्हणाला. “फोटोत डोळे नव्हते.”

एका डोक्याला तिनं नखानं टकटक केलं, आत कुणी आहे का बघितल्यासारखं.

आता भुवईला खरं सांगणं भाग होतं, आणि त्यानं ते सांगितलं, भिंतीकडे बघत. आज चारला. भाऊ. आईला घेऊन.

ती हातांच्या खोक्यावर मटकन बसली. “तो ही बघेल. मग ही कुणाची कुणाची म्हणून दुकानादुकानांत विचारत फिरेल. त्याच दुकानांच्या काचांवर मी रोज असते. मला परत निघावं लागेल.” तिनं दोराच्या वेटोळ्यावरून हात फिरवला. “इथं माझी खोली आहे. बरोबरच्या पोरी आहेत, माझा दोर त्यांनी धरलेला असतो आणि त्यांचा मी. हे सगळं पुन्हा कुठं जाऊन पहिल्यापासून करू?”

“डोकी फोडून टाकू,” भुवई म्हणाला.

“आणि दुकानांत आहेत ती?”

“त्यांना दाढी लावू.”

“पोहायच्या कपड्यांवर?” मावशी म्हणाली. “भुवई, तू गप्प बस. विचार करण्याचं काम दुसऱ्याला करू दे.” तिनं फळीवरच्या डोक्याच्या हनुवटीवर अंगठा फिरवला. “एकीलाच वण असला तर ती खूण झाली. सगळ्यांना असला तर तो नुसता माल. कानस आण.”

मग त्या कारखान्यात असं काम झालं जे आधी कधी झालं नव्हतं आणि नंतर होऊ नये. तयार माल ओळीनं उभा केला आणि एकेकाच्या हनुवटीवर कानशीनं व्रण पाडायला सुरुवात झाली. सुटाबुटातल्या साहेबांना व्रण. धावपटूला व्रण. शाळेच्या गणवेशातल्या जुळ्यांना व्रण, एकाच जागी. काचवालीनं स्वतः कानस घेतली. तिचा हात चांगला होता, आणि कुठं किती खोल हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ओळीत शेवटी एक रांगतं बाळ होतं, झबलं घालायचं. तिनं कानस त्याच्या हनुवटीला टेकवली आणि काढून घेतली.

“याला राहू दे,” ती म्हणाली. “लहान आहे.”

भुवईनं बाळाच्या अंगावरची धूळ फुंकून टाकली.

मध्येच मालक आले. त्यांनी पांढऱ्या धुळीतून आपला सगळा माल बघितला. “हे काय?”

“कंपनीची खूण,” मावशी म्हणाली. “आपल्या डमींची नक्कल होते म्हणून तुम्हीच ओरडत होता ना?”

मालकांनी एका साहेबाच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. “मग हे आधी का केलं नाही?” असं रागावून ते निघून गेले.

चार वाजायला आले तसा भुवई आळीपाळीनं घड्याळ आणि दार बघायला लागला. “तुम्ही जा आता. मागच्या दारानं.”

“मी नाही जाणार. मला बघायचंय.”

“काय?”

“तो कुठं बघतो ते.” तिनं बादली उचलली, डोक्याला फडकं बांधलं. “शिवाय काचा घाण आहेत तुमच्या.” आणि ती बाहेर गेली. थोड्या वेळानं रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीवर बाहेरून फेस पसरायला लागला.

भाऊ आला तो बूट पायपुसण्यावर नीट पुसून. भुवईच्या मनात राक्षस होता, आणि आला एक मऊ बोलणारा, खिशाला पेन लावलेला, सभ्य माणूस. त्यानं आईला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, तिचा चष्मा तिच्या हातात दिला आणि भुवईचे दोनदा आभार मानले. “आमच्यासाठी तुम्ही इतकं केलंत. आजकाल कोण करतं?” भुवईनं फळीवरचं एक डोकं काढून त्याच्यापुढं धरलं.

भावानं डोकं हातात घेतलं, बाजारात फळ बघतात तसं फिरवलं आणि हनुवटीवर थांबला. “हा बघा. वण.”

“तो वण नाही साहेब,” भुवई म्हणाला. त्याचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी होता. “इथून साच्यात पातळ रेझिन ओततात. खूण राहते. सगळ्यांनाच असते.”

भावानं डोकं बाजूला ठेवलं. त्यानं साहेब तपासले. धावपटू तपासला. जुळे तपासले. सगळ्यांच्या हनुवट्या त्यानं बोटानं चाचपल्या. मग तो खाली वाकला. “याला नाहीये.”

बाळ रांगत होतं आणि अगदी निर्मळ चेहऱ्यानं सगळ्यांकडे बघत होतं. कारखान्यात फक्त खिडकीवर रबर ओढल्याचा आवाज येत होता.

“त्याला वरून ओततात,” मावशी म्हणाली. “डोक्यातून. लहान मुलांना सगळं डोक्यातूनच ओतावं लागतं.”

भावानं मान डोलावली. त्याला हे पटण्यासारखं वाटलं. मग उजेड कमी-जास्त होतोय म्हणून त्यानं खिडकीकडे पाहिलं.

वायपर वरून खाली आला आणि फेसातून तिचा चेहरा बाहेर आला. पूर्ण. हातभर अंतरावर. मान वर, नजर सरळ. भाऊ पुढं झाला. बोटातल्या अंगठीनं त्यानं काचेवर टकटक केलं. मग तर्जनीनं वरच्या बाजूला दाखवलं.

“कोपरा राहिलाय,” तो म्हणाला.

तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. हात उंच केला, कोपरा पुसला, त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ‘आता ठीक’ अशी मान हलवली आणि पाठ फिरवली.

बस्स. एवढंच. ती भिंत, तो नकाशा, तो लाल दोरा! भुवई आजवर समजत होता की या मुली कुठंतरी फार लांब जातात, जिथं रस्ते पोचत नाहीत. आणि ही बोटभर जाडीच्या काचेपलीकडे उभी होती, तिला तिच्याच भावानं कामाला लावलं होतं, आणि ती तरीही बेपत्ता होती. जग केवढं प्रचंड असेल! एका काचेत एवढी जागा असेल, तर सगळ्यात मिळून किती असेल?

“आई,” भाऊ म्हणाला, “तू बघ आणि सांग एकदाचं.” त्यानं डोकं आईच्या मांडीवर ठेवलं.

आई खिडकीकडे बघत होती. तिनं चष्मा काढला, त्यावर फुंकर घातली, बाहीला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा खिडकीकडे बघितलं. बाहेरचा वायपर थांबला होता. आईचा अंगठा मांडीवरच्या हनुवटीवर होता, त्या खळगीत, आणि तो एकाच जागी हळूहळू फिरत होता.

“चांगलं काम करते ही,” आई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. “काच आहे असं वाटतच नाही.”

“आई, मी डोक्याचं विचारतोय.”

“नाही. ही आपली नाही.”

“अगं, नीट बघ.”

“माझ्या पोटची पोर तू मला दाखवणार? आपली खाली बघायची. ही बघ कुठं बघतेय.” आणि आई अजून खिडकीकडेच बघत होती.

भावानं सुस्कारा सोडला, भुवईशी हात मिळवला आणि तसदीबद्दल माफी मागितली. आई उठली, पण डोकं तिनं खाली ठेवलं नाही.

“हे मी नेऊ का, दादा?” तिनं भुवईला विचारलं.

“आई, घरात डोकं कशाला?”

“टोप्या विणते मी. ताणून ठेवायला डोकं लागतं. तुझं देतोस?”

मावशीला एकदम खोकल्याची उबळ आली. भाऊ दाराकडे गेला. आईनं डोकं आपल्या पिशवीत ठेवलं, तोंड वर करून, श्वास घेता यावा अशा बेतानं, आणि ती त्याच्या मागून गेली. दारातून बाहेर पडल्यावर ती खिडकीवरून गेली. थांबली नाही. फक्त चालणं फार हळू केलं.

ते दिसेनासे झाल्यावर काचवाली आत आली. हात ओले, फडकं सुटलेलं.

“काय म्हणाली? मला ऐकू येत नव्हतं. काय म्हणाली ती?”

“ही आपली नाही, म्हणाली,” भुवईनं सांगितलं.

“म्हणजे नाही ओळखलं.” ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. “मलाच तसं वाटलं. चष्मा जाड झालाय तिचा.”

“तुझ्या कामाबद्दल बोलली,” मावशी म्हणाली. मावशीच्या आवाजात आज पहिल्यांदा टोमणा नव्हता. “म्हणाली, काच आहे असं वाटतच नाही. आणि तुझं डोकं घेऊन गेली, पिशवीत नीट निजवून. आता ओळखलं का नाही ते तूच ठरव.”

ती डगल्याला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“पुन्हा येईल?” तिनं विचारलं.

भुवईनं आईचं स्टूल खिडकीच्या आणखी जवळ सरकवलं.

“तो तिला एकटीला कुठंच सोडत नाही,” काचवालीच म्हणाली. “कधीच नाही सोडलं. सरकारी काम असेल तरच. सरकारला फार घाबरतो तो.”

भुवईनं ब्रश धुतला. आयुष्यभर त्याला हरवलेलं माणूस शोधायचं होतं, आणि आता त्याला पहिल्यांदाच कळत होतं की शोधण्यानंतरही काम उरतं. दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला. भावजींनी कागद वाचला, पुन्हा वाचला, डिंकाचा ब्रश कानामागे खोचला.

“अरे, हे कुणीही मंजूर करणार नाही. आत्ता नाही, कधीच नाही.”

“ठाऊक आहे,” भुवई म्हणाला. “पोच द्या.”

कागद असा होता:

प्रति, मा. अधिकारी, बेपत्ता व्यक्ती विभाग. विषय: न पटलेली ओळख वेळोवेळी न पटवून घेण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर बेपत्ता महिलेच्या मातोश्रींनी आमच्या कारखान्यातील डोक्याची समक्ष पाहणी करून ते आपल्या मुलीचे नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. तथापि एवढ्या गंभीर बाबतीत एकाच पाहणीवर विसंबून राहणे उचित होणार नाही. सबब सदर मातोश्रींना दरमहा शासकीय वाहनाने, एकट्याने, कारखान्यात आणण्यात यावे. अन्य नातेवाइकांस, विशेषतः पेन लावणाऱ्या नातेवाइकांस, आवारात प्रवेश नसावा. मातोश्रींना खिडकीजवळील स्टुलावर त्या स्वतः उठेपर्यंत बसू द्यावे व प्रत्येक वेळी ‘ओळख पटली नाही’ अशीच नोंद घेण्यात यावी. पाहणी चालू असताना खिडकीची काच बाहेरून स्वच्छ करण्याचे काम चालू राहील, त्यास शासनाने हरकत घेऊ नये. ही कार्यवाही मातोश्रींचे समाधान होईपर्यंत, म्हणजेच अनिश्चित काळ, सुरू ठेवण्यात यावी. तसेच पाहणीदरम्यान सदर खिडकी उघडण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागत असल्यास, तीही याच अर्जावर देण्यात यावी, ही विनंती.